तारेची शाकारणी
हौशी रेडिओ केंद्राच्या अँटेनाची उभारणी आणि निगा

शासनाचा परवाना घेऊन आणि कोणत्याही आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता स्वतःच्या केंद्रावरून इतर परवानाधारकांशी बिनतारी संभाषण करणे, म्हणजे हौशी रेडिओ. बाहेरून पाहणाऱ्याला हा यंत्रांचा छंद वाटतो, कारण छायाचित्रांत दिसतात ती टेबलावर मांडलेली यंत्रे, चमकणारे आकडे आणि हातातला मायक्रोफोन. या छंदात मुरलेल्या माणसाला जगभर 'हॅम' असे सुटसुटीत नाव आहे. त्याच्याशी केंद्राविषयी बोलू लागले की बोलणे थोड्याच वेळात टेबलावरून गच्चीवर जाते. संदेश पाठवणारे व घेणारे संयुक्त यंत्र, ज्याला हॅम मंडळी 'रिग' म्हणतात, ते विकत आणता येते आणि मुंबईत जसे चालते तसेच नागपुरातही चालते. त्या यंत्रातील विद्युतशक्ती लहरींच्या रूपाने आकाशात सोडणारा आणि दुरून आलेल्या क्षीण लहरी टिपणारा अँटेना मात्र ज्या त्या जागेची लांबी-रुंदी, तिथला वारा, तिथला पाऊस आणि तिथले शेजारी ध्यानात घेऊनच घडवावा लागतो.

भारतात या छंदाचे नियमन १९७८च्या नियमांनुसार होते. दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, किमान बारा वर्षे वयाच्या व्यक्तीला परवाना आणि इंग्रजी 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारा ओळखसंकेत मिळतो. परीक्षेत विद्युतशास्त्र, नियम आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्स लिपी विचारली जाते. गच्चीवरच्या नळीला ताण कुठून द्यावा आणि आषाढातल्या सरींपासून केबलचे तोंड कसे वाचवावे, हे ज्ञान परीक्षेनंतर हळूहळू, बहुधा एखाद्या जुन्या हॅमच्या मागे शिडी धरून उभे राहिल्यावर मिळते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून, फुटकी बदलून छप्पर पुन्हा बसवण्याच्या कामाला शाकारणी म्हणतात. अँटेनाचे शास्त्र कितीही गणिती असले, तरी त्याचा संसार या शाकारणीच्या जातीचा आहे: तो एकदा उभारून संपत नाही, दर वर्षी नव्याने राखावा लागतो.

लहर आणि तार

रेडिओलहर प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, प्रवास करते. म्हणून ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की मीटरमधील तरंगलांबी मिळते. एका सेकंदात लहरीची किती आवर्तने होतात त्याचे माप म्हणजे वारंवारता, आणि एका आवर्तनात लहर जेवढे अंतर कापते ती तरंगलांबी. भारतीय हॅम मंडळींच्या नित्य वापरातला ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा या हिशेबाने साधारण ४२ मीटर तरंगलांबीचा ठरतो, तरी जगभर त्याला 'चाळीस मीटर' असेच म्हणतात. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या तालात झोका दिला की थोड्या जोरात तो उंच जातो, तसेच तारेची लांबी तरंगलांबीच्या निम्मी असली की तारेत विद्युतप्रवाह सहज डोलू लागतो. या अवस्थेला अनुनाद म्हणतात. अशा अर्ध्या तरंगलांबीच्या, मधोमध तोडून तिथे केबल जोडलेल्या तारेला 'डायपोल' हे नाव आहे, आणि जगातल्या बहुतेक हौशी केंद्रांचा श्रीगणेशा तिच्यापासून होतो.

तारेच्या टोकांपाशी विद्युतक्षेत्र थोडे बाहेर पसरते, त्यामुळे प्रत्यक्षातली तार गणिती निम्म्या तरंगलांबीहून सुमारे पाच टक्के आखूड ठेवावी लागते, ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती एकूण २० मीटरच्या किंचित वर, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटरच्या आसपास येते. घराच्या वायरिंगसाठी मिळणारी प्लॅस्टिकच्या आवरणाची तांब्याची तार वापरली, तर त्या आवरणामुळे लहरीचा तारेवरचा वेग आणखी थोडा मंदावतो आणि लांबी अजून दोन ते पाच टक्के कमी करावी लागते. म्हणून अनुभवी माणूस तार आधी हिशेबापेक्षा लांबच कापतो, वर चढवून मोजमाप घेतो आणि मग टोके थोडी थोडी आखडत आणतो. तार ७.०५ मेगाहर्ट्झला डोलत असेल आणि ती ७.१ वर आणायची असेल, तर दोन्ही बाजूंनी जेमतेम सात-सात सेंटिमीटर कमी करणे पुरते. आणि तेवढेही न कापता टोक मागे दुमडून तारेलाच गुंडाळून ठेवतात, कारण कापलेली तार परत जोडता येत नाही आणि पुढच्या वर्षी हवेच्या व जागेच्या फरकाने तेच सात सेंटिमीटर पुन्हा हवेसे होऊ शकतात.

या लांबीच्या हिशेबाला मुंबईच्या इतिहासात एक ठसठशीत संदर्भ आहे. 'चले जाव'च्या घोषणेनंतर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२च्या ऑगस्टअखेरीस मुंबईत सुरू केलेले भूमिगत काँग्रेस रेडिओ केंद्र आपली ओळख ४२.३४ मीटर अशी सांगत असे. ३०० ला ४२.३४ने भागले की सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे हे केंद्र आजच्या हौशी पट्ट्याच्या ऐन मध्यावर बोलत होते. महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, हौशी परवानाधारकांना आपली प्रक्षेपण यंत्रे सरकारजमा करण्याचे आदेश मिळालेले होते, आणि मुंबईत पोलिसांचा माग सतत होता. म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलली जाई, तरी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडले गेलेच. यंत्र पेटीत घालून हलवता येते, पण ४२ मीटरच्या लहरीला पुरी पडणारी तार वीस मीटरची असते. जागा कितीही गुप्त असली, तरी अँटेनाला उघडे आकाश लागते, आणि प्रत्येक नव्या जागी त्याची सोय नव्याने पाहावी लागते. भौतिकशास्त्राचा हा नियम बंडखोराला आणि परवानाधारकाला सारखाच लागू असतो.

उंची आणि आकाश

तार किती लांब हे वारंवारता ठरवते, पण ती किती उंच टांगावी हे कोणाशी बोलायचे आहे त्यावर अवलंबून असते. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात सूर्याच्या किरणांमुळे विद्युतभारित झालेले थर आहेत, ज्यांना एकत्रितपणे आयनांबर म्हणतात. त्यांतला सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा 'डी' थर दिवसा ७ मेगाहर्ट्झच्या लहरींची बरीच शक्ती शोषतो आणि सूर्य मावळल्यावर विरून जातो. त्याच्या पुष्कळ वरचा, अडीचशे किलोमीटर व त्याहून उंच असलेला 'एफ' थर लहरींना वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. यामुळेच चाळीस मीटरच्या पट्ट्यावर दिवसा राज्यातल्या आणि शेजारच्या राज्यांतल्या केंद्रांशी बोलणे होते, तर रात्री हजारो किलोमीटरवरचे आवाज खोलीत उतरतात. उत्तररात्री 'एफ' थर विरळ झाला की सरळ वर गेलेली लहर परतत नाही, आणि मग पुण्याच्या माणसाला परदेश ऐकू येतो पण नगर ऐकू येत नाही, अशी गमतीदार अवस्था होते. या मुक्या पट्ट्याला हॅम 'स्किप' म्हणतात.

जमिनीपासून पाव तरंगलांबीच्या आत, म्हणजे ७ मेगाहर्ट्झसाठी साधारण दहा मीटरच्या आत टांगलेली डायपोल आपली बहुतेक शक्ती सरळ वर फेकते, आणि ती लहर आयनांबरावरून कारंज्याच्या पाण्यासारखी चहूबाजूंनी शेकडो किलोमीटरच्या परिसरात उतरते. सह्याद्रीच्या भूगोलाला ही रीत फार मानवते, कारण डोंगररांगांमुळे सरळ रेषेत जाणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरी घाटाखाली पोहोचत नाहीत, तर वरून खाली येणाऱ्या लहरीला ना कडा आड येतो ना दरी. अधिक दूरच्या देशांशी बोलण्याची ज्याला ओढ आहे, त्याला मात्र तार अर्ध्या तरंगलांबीएवढी, म्हणजे वीस मीटरच्या आसपास उंच न्यावी लागते किंवा दुसरा प्रकार निवडावा लागतो. सिमेंटच्या गच्चीवर हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांचे जाळे लहरींच्या दृष्टीने दुसरी जमीनच असते. स्लॅबपासून हातभर उंचीवर ताणलेली तार इमारत सात मजली असली तरी खुजीच ठरते, आणि तीच तार तीन-चार मीटर वर उचलली की तिचे वागणे पालटते.

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर लांबीचा प्रश्न सोपा होतो, कारण तिथे पाव तरंगलांबी जेमतेम अर्ध्या मीटरची असते. एक उभी दांडी आणि तिच्या बुडाशी खाली झुकलेल्या चार दांड्या एवढ्यावर 'ग्राउंड प्लेन' नावाचा अँटेना होतो. खालच्या दांड्या आडव्या ठेवल्या तर त्याची प्रतिबाधा, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, ३६ ओहमच्या आसपास असते, आणि त्या ४५ अंशांनी झुकवल्या की ती केबलला हव्या असलेल्या ५० ओहमजवळ येते. दिशा साधायची असेल, तर अनेक दांड्या एका आडव्या नळीवर ठरावीक अंतराने बसवलेला 'यागी' वापरतात, जो जपानमधील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये जगापुढे मांडला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतर गच्च्यांवर आणि कौलांवर उगवलेले, कावळ्यांना बसायला सोयीचे आणि 'आलं का चित्र?' असे वरून खाली विचारायला लावणारे अँटेना याच घराण्यातले होते. एका पिढीने दिशा, उंची आणि गंजलेला सांधा यांचे प्राथमिक धडे नकळत तिथेच गिरवले.

गच्चीचे राजकारण, वाऱ्याचे गणित

शहरातल्या हॅमला जागा मिळते ती गच्चीवर, आणि गच्ची ही सहकारी गृहनिर्माण संस्थेची सामाईक मालमत्ता असते. शेजाऱ्यांची पहिली शंका आरोग्याची असते, दुसरी टीव्हीत खरखर येण्याची आणि तिसरी, जी बहुधा सर्वांत रास्त ठरते, गळतीची. स्लॅबला भोक पाडून बोल्ट ठोकला की त्यावरचे जलरोधक लिंपण फुटते आणि पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छतावर ओल दिसते. ती ओल पूर्वीपासून असली तरी दोष अँटेनाकडे जातो. म्हणून शहाणा हॅम स्लॅबला हात लावत नाही. पाण्याच्या टाकीचे काँक्रीटचे खांब किंवा जिन्यावरच्या खोलीची भिंत यांना यू आकाराच्या बोल्टांनी व पट्ट्यांनी नळी बांधतो, किंवा जड सिमेंटच्या ठोकळ्यांवर तिकाटणे उभे करतो. विटांच्या कठड्यावर भार टाकणे मात्र धोक्याचे असते, कारण तो कठडा माणूस पडू नये एवढ्यासाठी बांधलेला असतो, नळीची ओढ सोसण्यासाठी नव्हे.

नळी साधारणतः नळकामात वापरतात तीच जस्ताचा मुलामा दिलेली, म्हणजे जीआय पाइप, असते आणि तिला तीन दिशांनी, एकमेकांपासून १२० अंशांवर ताण दिलेले असतात. ताणाचे खालचे टोक नळीच्या बुडापासून उंचीच्या किमान साठ ते ऐंशी टक्के अंतरावर असावे, कारण ताण जितका उभा तितका तो नळीला बाजूने सावरण्याऐवजी खाली दाबत राहतो. ताण पोलादी तारेचा असेल, तर ती तारही योगायोगाने लहरीशी अनुनादात येऊन शक्ती गिळू शकते. म्हणून तिचे तुकडे करून मध्ये चिनीमातीचे अंड्याच्या आकाराचे विद्युतरोधक घालतात, जसे विजेच्या खांबांच्या तिरक्या ताणतारेत सर्वत्र दिसतात. या अंड्याची खुबी अशी, की दोन्ही बाजूंच्या तारांचे फास एकमेकांत अडकलेले राहतात. अंडे फुटले तरी तार सुटत नाही, नुसता विद्युतरोध जातो.

वाऱ्याचा हिशेब मनाला फसवणारा असतो, कारण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. बांधकामासाठीच्या भारतीय मानकात मुंबई आणि नागपूर यांसाठी पायाभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरलेला आहे. त्या मानकातल्या साध्या सूत्राने मुंबईत दर चौरस मीटरमागे सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलो वजनाइतका दाब येतो, तर पुण्यात तोच ९३ किलोच्या आसपास राहतो. हा दाब नळी, दांड्या, केबल आणि त्यांवर बांधलेल्या प्रत्येक वस्तूवर येतो. म्हणून दाब सोसणारी नळी जाड करण्याआधी वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग कमी करणे शहाणपणाचे असते. याच तत्त्वाचे भव्य रूप पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत पाहायला मिळते: गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या भरीव पत्र्याच्या नसून ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. मीटरभर लांबीच्या लहरीला ती जाळी आरशासारखी भासते आणि वाऱ्याला खिडकीसारखी, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला.

उभारणीतला सर्वांत कठोर नियम मात्र गणिताचा नाही. नळी किंवा तार कोणत्याही दिशेला कोसळली तरी विजेच्या वाहिनीला शिवणार नाही, एवढे अंतर आधी मोजून मगच काम सुरू करायचे असते, आणि जिथे ते मिळत नाही तिथे अँटेना उभारायचाच नसतो. त्याचप्रमाणे डायपोलच्या टोकांवर प्रक्षेपणाच्या वेळी विद्युतदाब मोठा असतो, म्हणून ती टोके कपडे वाळत घालणाऱ्या किंवा खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावी लागतात.

केबल: न दिसणारी गळती

अँटेना आणि रिग यांना जोडणारी कोॲक्सियल केबल म्हणजे मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती प्लॅस्टिकचा थर, त्यावर तांब्याची विणलेली जाळी आणि सर्वांवर काळे आवरण. ही केबल शक्ती वाहून नेताना काही भाग उष्णतेत घालवते, आणि वारंवारता वाढेल तशी ही गळती वाढते. आरजी-५८ या बारीक केबलची तीस मीटर लांबी ७ मेगाहर्ट्झला सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती वर पोहोचवते, पण १४५ मेगाहर्ट्झला तीच केबल जेमतेम एक-चतुर्थांश पोहोचवते. बोटाएवढी जाड आरजी-२१३ त्याच अंतरावर निम्म्याहून थोडी अधिक शक्ती पोहोचवते, आणि म्हणूनच उच्च वारंवारतेच्या अँटेनासाठी केबलवर केलेला खर्च रिगवर केलेल्या खर्चापेक्षा बहुतेक वेळा अधिक कामी येतो.

अँटेनाची प्रतिबाधा केबलच्या ५० ओहमशी जुळली नाही, तर काही शक्ती परत फिरते. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरींच्या मेळातून केबलवर उमटणाऱ्या चढउताराचे माप म्हणजे 'एसडब्ल्यूआर'. ते १ असले की जुळणी परिपूर्ण, १.५ला ४ टक्के, २ला ११ टक्के आणि ३ला २५ टक्के शक्ती परतते. नवशिका हा आकडा १च्या जितका जवळ नेता येईल तितका नेण्यात दिवस घालवतो, तर जुना हॅम १.५ला समाधान मानून आकडा अकारण सुधारला तर सावध होतो. कारण असे, की गळक्या केबलमधून परतणारी शक्तीही वाटेत जिरते आणि खालच्या मीटरला दिसतच नाही: वर सांगितलेल्या तीस मीटर आरजी-५८च्या टोकाचा अँटेना पूर्ण तुटून पडला, तरी १४५ मेगाहर्ट्झला खालचा मीटर १.७च्या आसपासच आकडा दाखवील. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरले की मीटर अधिकाधिक गोड बोलू लागतो आणि अँटेना मुका होत जातो. म्हणून खरी परीक्षा अँटेनाच्या जागी ५० ओहमचा बनावट भार जोडून, वर पोहोचणारी शक्ती मोजून घेतली जाते. अलीकडे तळहातावर मावणाऱ्या 'नॅनो व्हीएनए' या स्वस्त मापकाने हे काम पुष्कळ सोपे केले आहे.

डायपोलचे दोन्ही बाहू समान असतात, पण केबलची तार आणि जाळी समान नसतात. हा तोल न साधल्यास प्रवाह जाळीच्या बाहेरच्या अंगाने खोलीपर्यंत येतो आणि मायक्रोफोनला चटका बसतो किंवा शेजारच्या घरातला स्पीकर बोलू लागतो. यावर उपाय म्हणजे 'बॅलन' नावाचा, फेराइटच्या कड्यावर तार गुंडाळून केलेला छोटा समतोलक. तो नसला तर अँटेनाच्या जोडापाशी केबलचेच काही वेढे घालून केलेली गुंडाळीही बरेच काम करते. शेजाऱ्यांच्या खरखरीच्या शंकेचे निरसन शब्दांपेक्षा अशा वेढ्यांनी अधिक चांगले होते.

ऋतूंची वही

अँटेनाच्या निगेचे वर्ष वैशाखात सुरू होते. उन्हाने नायलॉनची दोरी वरवर धड दिसली तरी आतून ठिसूळ झालेली असते, आणि नखाने खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली की ती बदलण्याची वेळ आलेली असते. याच दिवसांत वर चढून नट-बोल्ट आवळणे, गंजलेले क्लॅम्प काढणे आणि सांधे पुन्हा गुंडाळणे होते. केबलच्या तोंडावर आधी स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी, तिच्यावर नेहमीची विद्युतपट्टी, आणि तीही खालून वर गुंडाळलेली, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर कौलासारखा चढतो आणि पाणी आत न शिरता घसरून जाते. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झुकलेला एक फास ठेवतात, जेणेकरून तिच्यावरून ओघळणारे पाणी भिंतीच्या भोकात न जाता त्या फासाच्या तळाशी टपकून जाते. केबलची जाळी वातीसारखी पाणी ओढते. एकदा आत शिरलेले पाणी मीटर-मीटर पुढे सरकत राहते आणि काळ्या पडलेल्या तांब्याला नंतर कोणताही उपाय चालत नाही, केबल कापूनच टाकावी लागते.

मृगापूर्वीचे वळीव आणि परतीचा हस्ताचा पाऊस ही महाराष्ट्रात विजांची दोन मोठी पर्वे. विजेच्या एका लोळात सर्वसाधारणपणे तीस हजार अँपिअरच्या घरातला प्रवाह असतो, आणि तो थेट कोसळला तर हौशी केंद्राचा कोणताही बंदोबस्त पुरा पडत नाही. पण जवळपास पडलेल्या विजेमुळे तारेत उमटणारा क्षोभ जमिनीत वाहून नेता येतो. त्यासाठी केबलच्या वाटेत विद्युतरोहक, म्हणजे ठरावीक दाबापलीकडे आपोआप वाट मोकळी करणारी वायुनळी बसवतात आणि तिच्यापासून जाड तांब्याची पट्टी सरळ, वळणे न घेता, अर्थिंगच्या दांडीपर्यंत नेतात. आपल्याकडे अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालण्याची जुनी पद्धत आहे; मीठ पावसात वाहून जाते आणि धातू खाते, म्हणून तो खड्डा दर वर्षी पाहावा व उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे लागते. अँटेनाची आणि घराची अर्थिंग स्वतंत्र ठेवण्याची चूक पुष्कळदा होते, तेव्हा दोन्हींच्या विद्युतपातळीत क्षणिक फरक पडतो आणि तो प्रवाह आपली वाट नेमकी रिगमधून काढतो. दोन्ही जाड तारेने एकत्र जोडणे हाच त्यावरचा उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना देते, पण ढग गडगडण्याआधी केबल रिगपासून काढून बाहेर ठेवण्याची सवय कोणत्याही ॲपपेक्षा जुनी आणि भरवशाची आहे.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू सोबतीला येतो, तो खारा वारा. तांबे आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना थेट भिडले आणि मध्ये खारट ओल आली की त्यांचा नकळत विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनिअम पांढरे पडून झिजते. म्हणून दोहोंच्या मध्ये स्टेनलेस स्टीलची चकती घालतात आणि जोडाला गंजरोधक लेप लावतात. विजेच्या वाहिन्यांच्या चिनीमातीच्या विद्युतरोधकांवरही मीठ साचते, त्यावर दमट रात्री सूक्ष्म ठिणग्या उडतात आणि रेडिओत सतत तडतड ऐकू येते; पहिला जोराचा पाऊस ते मीठ धुऊन नेतो तेव्हा तो पट्टा एकाएकी शांत होतो. पाऊस सरल्यावर अश्विनात पुन्हा एकदा वर चढावे लागते, आणि पौषात संक्रांतीनंतर तारेवर अडकलेला मांजा सोडवावा लागतो, कारण काचेची पूड लावलेला मांजा वाऱ्याने घासत राहिला की तारेचे आवरण चिरतो. दिवाळीच्या दिवसांत तर गच्चीवर सारे ठीक असूनही रेडिओत गोंगाट वाढू शकतो. खिडक्याखिडक्यांत लागलेल्या एलईडी माळांच्या स्वस्त वीजपुरवठ्यातून निघणारे विद्युतकल्लोळ अँटेना इमानाने टिपत असतो.

वेळेला उभी असलेली तार

या सगळ्या खटाटोपाचे मोल नेहमीच्या दिवसांत दिसत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने अंदमान-निकोबारचा संपर्क तुटला, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचे पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होते; जगभरच्या हॅमांशी बोलण्याच्या हौसेसाठी उभारलेले त्यांचे केंद्र त्याच दिवसापासून बेटांची आणि मुख्य भूमीची खबर पोहोचवणारे साधन झाले. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतरही देशभरचे हॅम आपली यंत्रे घेऊन कच्छात पोहोचले होते. या घटनांत यंत्रांचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण यंत्राला बॅटरी पुरते, अँटेनाला मात्र नळी, दोरी, सांधा आणि ते बांधण्याची सवय असलेले हात लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरे मुके होते. अशा वेळी ज्याच्याकडे दहा मीटर उंचीवर ताणलेली वीस मीटरची धड तार आहे, त्याला वीज नसतानाही घाटापलीकडे बोलता येते. आणि ज्याची तार गेल्या पावसाळ्यापासून कुजत आहे, त्याला उत्तम रिग असूनही येत नाही.

तरुणांच्या हातीही हे कौशल्य अन्य वाटांनी पोहोचले आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हा लघुउपग्रह २२ जून २०१६ रोजी आणि मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला. 'प्रथम'चे काम आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांची गणना करणे हे होते, म्हणजे डायपोलची लहर ज्या थराला भिडून परतते त्याचाच अभ्यास. आणि आकाशात काही मिनिटेच दिसणाऱ्या अशा उपग्रहाच्या मागे फिरणारे यागी जमिनीवर उभारताना विद्यार्थ्यांना केबलची गळती आणि सांध्यातली ओल यांच्याशी हॅमांइतकीच झुंज द्यावी लागते.

हॅमच्या टेबलावर परवान्याच्या अटीनुसार संभाषणांची नोंदवही असते, आणि जाणता हॅम तिच्या शेवटच्या पानांवर आणखी एक नोंद ठेवतो: तारीख, हवा, अनुनादाची वारंवारता, एसडब्ल्यूआर आणि बनावट भारापर्यंत पोहोचलेली शक्ती. वैशाखातला आकडा आणि अश्विनातला आकडा शेजारी शेजारी लिहिले, की पावसाने तारेचे काय केले हे एका ओळीत वाचता येते. बहुतेक वर्षी दोन्ही आकडे सारखेच येतात, आणि ज्याने उन्हाळ्यात शिडी लावून सांधे गुंडाळले त्याच्याखेरीज कोणाला त्यात वाचण्यासारखे काही दिसत नाही; न गळलेल्या छपराची चर्चाही घरात कधी होत नाही, आणि तरी पुढच्या वैशाखात कौले उतरवली जातातच.